एकशे साठ एकर आणि एक छापील फॉर्म : सॉड हाउस प्रकल्पाच्या नोंदी

९ मार्च २०२५, लिंकन, नेब्रास्का

मराठी शाळेच्या मोठ्या गटाला यंदाचा विषय मिळाला: ‘आपण राहतो ती जमीन’. आम्ही राहतो नेब्रास्कात, आणि इथल्या जमिनीचं नाव काढलं की होमस्टेडर, म्हणजे सरकारी जमीन कसून आपल्या नावावर करणारे, आलेच. ठरलं ते असं: प्रेअरीवरच्या, म्हणजे गवताळ माळावरच्या सॉड हाउसचा, म्हणजे गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या घराचा एक नमुना करायचा. सोबत तीन फलक, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत. जूनमध्ये वाचनालयाच्या खालच्या हॉलमध्ये मांडायचं. कामाला मुलं, हाताशी आम्ही दोन-तीन पालक.

पहिल्या बैठकीत मुलांना होमस्टेड कायदा सांगितला. २० मे १८६२ ला अध्यक्ष लिंकन यांची सही झाली, १ जानेवारी १८६३ पासून अंमल. वय एकवीस पूर्ण हवं किंवा माणूस कुटुंबप्रमुख हवा. नागरिक हवा किंवा नागरिक व्हायचं आहे असं रीतसर लिहून दिलेलं हवं. सरकारविरुद्ध शस्त्र उचललेलं नको. एवढं जमलं की १६० एकर. तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची आणि पाच वर्षांनी दोन साक्षीदार उभे करून ते सिद्ध करायचं. सगळी फी मिळून १८ डॉलर.

“म्हणजे फुकटच की,” एक मुलगा म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. पहिल्या फलकाचं खरं काम इथूनच सुरू होणार.

१६ मार्च

आज नुसता हिशोब. प्रमाण एका फुटाला एक इंच. घर आतून १६ बाय २० फूट, भिंत दोन फूट जाड, सात फूट उंच, एक दार, दोन खिडक्या. त्या काळात हे माप सर्रास होतं.

सॉडसाठी वेगळा नांगर असे, ग्रासहॉपर प्लाऊ. तो माती फोडत नाही, खालून सपाट कापत जातो. फूटभर रुंद आणि चार इंच जाड पट्टी निघते. फावड्याने तिचे तीन-तीन फुटांचे तुकडे पाडायचे. एक वीट बरोबर एक घनफूट, त्यामुळे आकडेमोड मुलांनीच केली. भिंतीखालची जागा १६० चौरस फूट, एका थरात ५३ विटा, असे २१ थर. दार-खिडक्या वजा करून १,०६० विटांच्या आसपास. त्यासाठी सोलायची जमीन ३,१८० चौरस फूट, आपल्या मापात जेमतेम तीन गुंठे. ओली माती घनफुटाला ९० पौंड धरली तर नुसत्या भिंतींचं वजन चाळीस टनांच्या वर जातं. एका खोलीचं घर!

रचायची पद्धत: गवत खाली, मुळं वर. मुळं वरच्या विटेत शिरतात आणि थर एकमेकांना धरतात. दर दोन-तीन थरांनी एक थर आडवा. दिवसभरात रचून होईल तेवढीच सॉड कापायची, कारण वाळली की ती चुरते. म्हणजे नांगर, गाडी आणि गवंडीकाम एकाच दिवशी चालणार. हे एकट्या माणसाचं काम नव्हे, हे कागदावरच कळतं.

पैशाचाही हिशोब मिळाला. १८७२ साली नेब्रास्कात टेकाड कोरून केलेल्या एका घराचा खर्च असा: खिडकी सव्वा डॉलर, दाराचं लाकूड ५४ सेंट, कडी-बिजागरी ५० सेंट, धूर बाहेर काढायचा पाइप ३० सेंट, तीन पौंड खिळे साडेएकोणीस सेंट. एकूण दोन डॉलर साडेअठ्ठ्याहत्तर सेंट. मुलांना तो अर्धा सेंट फार आवडला. मला लक्षात राहिली ती काच. सगळ्या घरात सगळ्यात महाग वस्तू उजेड आत घेणारी.

३० मार्च

वीट जमली. खरी सॉड वापरण्यात अर्थ नव्हता, कारण मुळं काही बाराव्या हिश्शाने लहान होत नाहीत. चाळलेली माती, बारीक कातरलेला काथ्या आणि गव्हाच्या पिठाची पातळ खळ. काथ्याशिवायची वीट वाळल्यावर दोन बोटांत मोडते, काथ्याची मोडत नाही. मुळांचं महत्त्व समजावायला दुसरं काही सांगावं लागलं नाही. दोन्ही विटा फलकाखाली ठेवायच्या, लोकांना हात लावू द्यायचा.

गॅरेजमध्ये ताटं मांडून वाळवण सुरू आहे. गाडी बाहेर.

१३ एप्रिल

आई आली आहे, तीन महिन्यांसाठी. तिला आणि मुलांना घेऊन बिॲट्रिसला जाऊन आलो. होमस्टेड कायद्याचं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान (२०२१ पर्यंत नाव ‘राष्ट्रीय स्मारक’) तिथे आहे, गावाच्या पश्चिमेला, डॅनियल फ्रीमनच्या जमिनीवर. कायदा लागू झाला त्याच दिवशी, १ जानेवारी १८६३ ला, त्याने ब्राउनव्हिलच्या लँड ऑफिसात, म्हणजे सरकारी जमिनीच्या कचेरीत, अर्ज भरला. मध्यरात्री कारकुनाला उठवून कचेरी उघडायला लावली, असं सांगतात. १८६९ मध्ये त्याला मालकीपत्र मिळालं, क्रमांक एकचं.

जाताना रस्ता सरळ दक्षिणेला, आणि दर मैलाला काटकोनात आडवा रस्ता. मुलांना नकाशा दिला होता. सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे एकेक चौरस मैलाचे ३६ सेक्शन, सेक्शनच्या चौथाईत १६० एकर. सोळावा आणि छत्तिसावा सेक्शन शाळेच्या खर्चासाठी राखीव. मोजणी ६६ फुटी साखळीने. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे बाजू बरोबर अर्ध्या साखळीची; एकराचे चाळीस गुंठे नेमके भरतात ते त्यामुळे. स्मारकाचा वाहनतळही मुद्दाम एक एकराचा केला आहे. आई त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालून आली. “असे एकशे साठ? एका घराला?” तिच्या माहेरी आठ एकरांत चार भावांच्या वाटण्या झाल्या.

मग तिने विचारलं, “आणि गाव कुठंय?”

गाव नाही. हेच मुलांना सांगायचं राहिलं होतं. कायद्याची अट अशी की ज्याने त्याने आपापल्या जमिनीवरच राहायचं. आपल्याकडे गावठाणात घरं आणि भोवती शेतं. इथे प्रत्येक घर आपल्या अर्ध्या मैलाच्या चौकोनात. शेजार हवा म्हणून काही जण चार जमिनी मिळतात त्या कोपऱ्याला घरं बांधत. बाळंतपण असो, ताप असो, वणवा असो, हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर बहुतेकांना कुणी नव्हतं.

फ्रीमनला ओढा मिळाला होता, कब क्रीक, आणि ओढ्याकाठची झाडं. त्यामुळे त्याचं घर लाकडाचं होतं, पुढे विटांचं झालं. सॉडची घरं पश्चिमेकडे, जिथे झाडच नाही तिथे. स्मारकात १८६७ ची एक लाकडी खोली आणून ठेवली आहे, १४ बाय १६ फुटांची. तीत नवरा-बायको आणि दहा मुलं राहत. आईने आत डोकावून पहिली चौकशी केली ती चूल कुठे होती याची.

फ्रीमनची बायको ॲग्नेस. तिचं लग्न आधी त्याच्या धाकट्या भावाशी ठरलं होतं. तो यादवी युद्धात गेला. मग डॅनियलने पत्रांतून मागणी घातली आणि १८६५ मध्ये आयोवाहून ती इथे आली. तो १९०८ मध्ये वारला, ती १९३१ मध्ये. मालकीपत्राची प्रत काचेत आहे. त्यावर तिचं नाव नाही.

२० एप्रिल

आज फॉर्म. हाच प्रकल्पाचा कणा होणार, असं वाटतंय.

पाच वर्षं झाली की ‘प्रूव्ह अप’ करायचं, म्हणजे दावा सिद्ध करायचा. आधी स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, तीत चार शेजाऱ्यांची नावं. त्यातल्या दोघांनी साक्ष द्यायची. मग लँड ऑफिसात छापील प्रश्नांची उत्तरं. नाव, वय. जन्माने नागरिक की कसं. घर कधी बांधलं, राहायला कधी आलात. कुटुंबात कोण. जागा सोडून किती काळ बाहेर होता, आणि कशासाठी. किती एकर नांगरली, किती हंगाम पीक घेतलं. घर, विहीर, कुंपण, गोठा, त्यांची किंमत. साक्षीदारांनाही जवळपास हेच प्रश्न. ही बाडं वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेली आहेत. नेब्रास्कातल्या पुष्कळ कागदांच्या प्रतिमा आता घरबसल्या दिसतात.

बरीच वाचली. ‘कुटुंबात कोण’ याचं उत्तर बहुधा एका ओळीत संपतं: पत्नी आणि अमुक मुलं. पत्नीला नाव असेलच असं नाही. नांगरलेल्या एकरांचा आकडा मात्र प्रत्येक वर्षाचा वेगळा.

विवाहित बाईला स्वतःच्या नावाने अर्ज करता येत नसे. अविवाहित, विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली असेल तर येई. नवरा मुदतीत मेला तर विधवेला त्याचा दावा पुढे चालवता येई. म्हणजे बाईचं नाव कागदावर यायला तिचं लग्न तरी झालेलं नसावं, नाहीतर नवरा तरी गेलेला असावा.

हे मी मोठ्याने वाचत होते. आई पालेभाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “माझं तरी सातबाऱ्यावर कधी लागलं? तुझे बाबा गेल्यावरच की. वारस म्हणून.”

दुसऱ्या फलकाची रचना ठरली. डाव्या बाजूला लँड ऑफिसचे प्रश्न, मराठीत. उजव्या बाजूला त्याच मांडणीत, तशाच छापील अक्षरात, लँड ऑफिसने न विचारलेले प्रश्न. हे मुलांनी काढायचे.

२७ एप्रिल

भिंती उभ्या राहिल्या. दाराची आणि खिडक्यांची चौकट आधी ठेवून विटा भोवतीने रचल्या, खऱ्या घरात असतं तसंच. चौकटीच्या वर मुद्दाम फट ठेवली आहे. सॉडची भिंत पहिल्या वर्षभरात वजनाने खाली बसते. फट नसेल तर काच फुटते. तोवर फटीत चिंध्या नाहीतर गवत कोंबायचं. खिडकीची भिंत आतून तिरकी तासायची, म्हणजे उजेड खोलीत पसरतो आणि दोन फुटांचा कट्टा मिळतो. त्या कट्ट्यावर बायका डब्यात फुलझाडं लावत. मुलांनी बाटलीच्या टोपणांत दोन रोपं केली.

आतून चुना दिला. बाहेरून तशीच ठेवली.

४ मे

छप्पर. इथे आईने सूत्रं हातात घेतली. तिचं लहानपण धाराशिव जिल्ह्यातल्या माळवदाच्या घरात गेलेलं, त्यामुळे डोक्यावर माती घेऊन राहणं म्हणजे काय हे तिला पुस्तकातून शिकायचं नव्हतं.

सॉड हाउसचं साधं छप्पर असं: दोन टोकांना बेचक्याचे खांब, त्यावर मधला वासा, सीडरचा किंवा कॉटनवूडचा. त्यावरून दोन्ही भिंतींकडे उतरते वासे, मग विलोच्या फांद्या, गवत, आणि वर पातळ सॉड. ज्यांच्याकडे पैसे येत ते पुढे फळ्या आणि डांबरी कागद घालत.

“वरची माती कसली?” आईचा प्रश्न.

तीच. रानातली.

“मग गळणारच. माळवदाला पांढरी माती लागते. ती पाणी आत घेत नाही. दरवर्षी मिरगाच्या आधी नवीन थर टाकायचा, पन्हाळी साफ करायच्या. काळी माती वर घातली तर भेगा पडतात, आणि पहिल्या पावसात घर खाली येतं.”

होमस्टेडरांच्या आठवणींत हेच आहे. दोन दिवस पाऊस पडला की आत तिसऱ्या दिवशीही पडत राहतो. चुलीवर छत्री धरून बायका स्वयंपाक करत. भिजलेल्या सॉडचं वजन वाशाला पेललं नाही तर छप्पर झोपलेल्या माणसांवर येई. कोरड्या दिवसांत वरून माती, किडे, क्वचित साप. म्हणून छताखाली मलमलचं कापड ताणून बांधत. आईच्या घरी देवावर चांदवा होता, तो याच कारणासाठी. तिच्या जुन्या सुती साडीचा तुकडा आता नमुन्यात ताणला आहे.

फायद्याचंही लिहायला हवं. दोन फुटी मातीच्या भिंती उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार; वणव्यात लाकडी घर जाई, हे टिके. पुढे पैसा आल्यावर लाकडी घर बांधलेल्यांनी जुन्या घराच्या उबेची आठवण काढलेली आहे. अर्थात त्या घरात पोतेरं कुणी केलं यावर ती आठवण थोडी अवलंबून असावी.

११ मे

उजव्या बाजूचे प्रश्न. मुलांनी ढीग आणला होता, चाळून पाच ठेवले.

पाणी कुठून आणता, आणि कोण आणतं? नेब्रास्काच्या मधल्या भागातल्या कस्टर परगण्यात उंच पठारावर विहिरीला दोनशे फुटांहून खोल जावं लागे. तोवर लांबच्या ओढ्यावरून पिंपं भरून आणायची. भांड्याचं पाणी जनावराला, धुण्याचं पाणी झाडाला.

काय जाळता? लाकूड नाही. आधी बायसनच्या वाळलेल्या शेणी, ते संपल्यावर गाईच्या, मक्याची बुरकुंडं, पीळ घालून बांधलेलं गवत. चित्रात एका मुलाने भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या काढल्या होत्या. आजीने त्याला थांबवलं: “ह्या थापलेल्या नाहीत, ह्या रानशेणी. रानात पडून वाळलेल्या वेचून आणायच्या. वेचायला पोरंच जातात.” इथेही पोरंच जात. चित्र बदललं, आता पोत्यासकट एक मुलगी आहे.

पहिल्या वर्षी काय खाल्लं? नुकत्याच उलथलेल्या सॉडमध्ये कुऱ्हाडीने चीर पाडून मक्याचे दाणे टाकत. ते पीक बेताचंच. रोकड हवी तर रानात विखुरलेली बायसनची हाडं गोळा करून रेल्वेच्या ठाण्यावर टनाच्या भावाने विकायची. ती खतासाठी आणि साखर शुद्ध करायला जात. कित्येक घरांत जमिनीतून आलेला पहिला पैसा हाच.

दुकानातली उधारी कशी फेडली? लोणी आणि अंडी. कॉफी, साखर, कापड, औषध यांच्या बदल्यात दुकानदार ती घेई. गव्हाचं पीक बुडालं त्या वर्षी घर चाललं ते यावर, आणि हा व्यवहार पूर्णपणे बाईच्या हातातला. लँड ऑफिसच्या कागदात कोंबड्यांना किंमत नाही.

पाचवा प्रश्न माझ्या लेकीचा: बाळ झालं तेव्हा कोण होतं?

फोटोंसाठी सॉलोमन बुचर. हा माणूस १८८० मध्ये कस्टर परगण्यात आला, शेती त्याला झेपली नाही, आणि १८८६ पासून तो घोडागाडीत कॅमेरा टाकून सॉड हाउसं टिपत फिरला. काचेवरची तीन हजारांहून जास्त चित्रं. ती सगळी आज इथेच, लिंकनमध्ये राज्याच्या ऐतिहासिक संस्थेकडे आहेत. फलकावर दोन घेतोय. एकात हिल्टन कुटुंब, आणि अंगणात, जनावरांच्या शेजारी, पायपेटी. घरातल्या बाईला गावाकडच्या मैत्रिणींना मातीचं घर दाखवायचं नव्हतं, पेटी मात्र दाखवायची होती. म्हणून ती उचलून बाहेर आणली. दुसऱ्यात क्रिसमन बहिणी, चौघी, सॉड हाउससमोर. तिघींनी पुढे आपापल्या नावावर जमीन केली. धाकटी हॅटी वयात येईपर्यंत आसपास सरकारी जमीन उरलीच नव्हती.

१८ मे

मुलांना टोळधाड आणि हिमवादळ हवंच आहे. त्यांचं बरोबर आहे, म्हणून मॉडेलच्या मागे एक पट्टी दिली.

१८७४ चा उन्हाळा: रॉकी पर्वतातले टोळ. उभं पीक, घोड्याचा साज, अवजारांचे घामाने खारावलेले दांडे, वाळत घातलेले कपडे, सगळं खाल्लं. रुळांवर इतके चिरडले की गाड्या घसरू लागल्या. पुढच्या वर्षी पाहिलेल्या एका थव्याचा विस्तार १,९८,००० चौरस मैल काढला गेला. आणि ही जात १९०२ नंतर जिवंत सापडलीच नाही. ज्या नदीखोऱ्यांत ती अंडी घाली ती नांगराखाली आणि जनावरांच्या पायाखाली आली, हे त्याचं एक पटणारं कारण.

१२ जानेवारी १८८८: सकाळ उबदार, मुलं कोटाशिवाय शाळेत गेलेली, दुपारी उत्तरेकडून बर्फाची भिंत आली. मृतांचा आकडा साधारण २३५ सांगतात, त्यात शाळकरी मुलं बरीच. इतकंच लिहिलं. मुलांना यावर नाटुकलं करायचं होतं. मी नको म्हटलं.

मला स्वतःला दुष्काळाची ओळ जास्त महत्त्वाची वाटते. इथल्याच विद्यापीठातले प्राध्यापक सॅम्युअल ऑगी सांगत होते की नांगरट झाली की पाऊस वाढतो. चार्ल्स डाना विल्बर यांनी १८८१ मध्ये त्याची घोषणाच केली, पाऊस नांगरामागे येतो. रेल्वेला आणि जमीन विकणाऱ्यांना हे फारच सोयीचं होतं. जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ मध्येच अहवाल दिला होता: शंभराव्या रेखांशाच्या पश्चिमेला वर्षाला वीस इंचांहून कमी पाऊस, तिथे १६० एकर कोरडवाहूत कुटुंब जगणार नाही. १८९० आणि १८९४ च्या दुष्काळांनी पॉवेल यांचं म्हणणं पटवून दिलं, आणि गाड्या उलट्या दिशेला लागल्या. नेब्रास्काच्या वायव्य भागासाठी ६४० एकरांचा कायदा आला तो १९०४ मध्ये.

१ जून

तिसरा फलक, जमीन आधी कुणाची. यावर पालकांत थोडी ओढाताण झाली. “मुलांचं प्रदर्शन आहे, इतकं कशाला ताणायचं?” असं एकाचं म्हणणं. माझं म्हणणं, विषयच ‘जमीन’ आहे.

शेवटी वाक्यं साधी ठेवली. बिॲट्रिसच्या भोवतीची जमीन ओटो-मिझुरिया या मूळ रहिवासी लोकांची. १८५४ च्या तहात ती गेली, त्यांच्याकडे बिग ब्लू नदीकाठी एक पट्टा उरला, १८८१ मध्ये तोही सोडून ओक्लाहोमाकडे जावं लागलं. प्लॅट नदीच्या उत्तरेची जमीन पॉनींची, तेही इथले मूळ रहिवासी. १८५७ च्या टेबल क्रीकच्या तहात गेली, आणि १८७० च्या दशकाच्या मध्यात तेही दक्षिणेला गेले. पॉनी बायका इथे मका, घेवडा, भोपळा पिकवत होत्या, होमस्टेडरच्या नांगराच्या कितीतरी आधी. कायद्याच्या भाषेत ही ‘कुणाच्या नावावर नसलेली सार्वजनिक जमीन’ होती. एकंदर सोळा लाख कुटुंबांना मिळून २७ कोटी एकर दिली गेली, देशाच्या क्षेत्रफळाच्या दहा टक्के.

मग एका मुलीने विचारलं, “आपल्याला मिळाली असती का?”

हे मी आधी तपासून ठेवलं होतं. नागरिक हवा किंवा होऊ शकणारा हवा, ही अट. १७९० च्या कायद्याने बाहेरून आलेल्यांत फक्त गोरा माणूस नागरिक होऊ शके. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. भारतीयांचं काय, हा वाद बराच काळ कोर्टाकोर्टांत चालला. काहींना नागरिकत्व मिळालंही. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की भारतीय त्या अर्थाने गोरे नाहीत, त्यामुळे अपात्र. ते दार उघडलं १९४६ मध्ये. होमस्टेड कायदा अलास्का सोडून इतरत्र १९७६ पर्यंत पुस्तकात होता, पण चांगली जमीन कधीच संपली होती. इथे जन्मलेल्या मुलाला मात्र मिळाली असती, कारण तो जन्मानेच नागरिक.

“म्हणजे मला मिळाली असती, आईला नाही,” ती म्हणाली. बरोबर. हे तिच्याच शब्दांत तिसऱ्या फलकावर गेलं. मघाचे पालकही यावर काही बोलले नाहीत.

८ जून

मांडणी झाली. गाडीतून नेताना छपराच्या उजव्या उतारावर भेग पडली. आईने ओल्या मातीचा हात फिरवला, आणि तिच्या मते आता ते जास्त खरं दिसतं.

पहिल्या फलकाचा मजकूर मुलांनी ठरवला: “सरकारी फी १८ डॉलर. बाकीची किंमत शेजारच्या फलकावर.” मी त्यात हात घातला नाही.

लोक थांबतात ते दुसऱ्या फलकापाशी. उजव्या बाजूच्या प्रश्नांखाली मोकळी जागा आणि पेन्सिल ठेवली आहे. पहिल्या दुपारीच इथल्या एका वयस्क बाईंनी बाळंतपणाच्या प्रश्नाखाली इंग्रजीत लिहिलं की त्यांच्या पणजीजवळ फक्त थोरली मुलगी होती, नऊ वर्षांची. त्याखाली दुसऱ्या कुणीतरी वेगळ्या अक्षरात तसंच काहीतरी. कागद भरला, आज दुसरा लावला. हे कागद फेकायचे नाहीत, तारीख घालून फाइलमध्ये.

वाचनालयाने नमुना ऑगस्टअखेरपर्यंत ठेवायला मागितला आहे. त्यासाठी वर ॲक्रिलिकचं झाकण लागेल. खर्च पालकांत वाटून घ्यायचा, माप मी घेऊन ठेवलंय, बाहेरून २४ बाय २८ इंच आणि छपरासकट उंची चौदा. दोन सुट्या विटा मात्र झाकणाच्या बाहेर राहू द्यायच्या. काथ्याशिवायची आत्ताच अर्धी झाली आहे, तिच्या आणखी डझनभर करून ठेवायला हव्यात.